त्या दोन नोंदी ग्राफवर परत ठेव

वाचकाचं पत्र:

आदरणीय मॅडम, स.न.वि.वि.

मी कोल्हापूरची, वय २४. मेकॅनिकल करून दीड वर्ष झालं, एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी अर्ज करतेय. कन्सल्टन्सीच्या सरांनी एसओपीचा, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा, मसुदा करून दिलाय. त्यांनी युनिव्हर्सिटीचं ध्येय आणि मूल्यं वाचली आणि त्यातले शब्द माझ्या पत्रात पेरले: जबाबदारी, समाजहित, शाश्वतता, वैज्ञानिक प्रामाणिकपणा. म्हणाले, त्यांचेच शब्द त्यांना परत दिले की ते खूश होतात.

'वैज्ञानिक प्रामाणिकपणा'पाशी मी अडकलेय. शेवटच्या वर्षी आमचा चौघांचा प्रोजेक्ट होता, मोल्डिंग सँडमधला (साच्याच्या वाळूतला) ओलावा आणि कास्टिंगमधले ब्लोहोल (वायूमुळे पडणारी भोकं) यांचा संबंध. चौदा नोंदी घेतल्या. बारा सरळ रेषेत आल्या, दोन भलतीकडेच गेल्या. ओलावा कमी, तरी ब्लोहोल जास्त. गाइड म्हणाले, एक्स्टर्नल परीक्षक येणार आहेत, ग्राफ नीट करून आणा. आम्ही त्या दोन नोंदी बदलल्या. चांगले मार्क पडले. तो प्रोजेक्ट एसओपीत सगळ्यांत वर आहे. मूळ वही माझ्याकडेच आहे. आता कामावर लक्षात येतंय की त्या दोन्ही नोंदी दुपारच्या होत्या, आणि दुपारपर्यंत फिरून परत आलेली वाळू गरमच असते.

बाबा म्हणतात, मूल्यं काय, प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लिहिलेली असतात, तू अर्ज भरून टाक. त्यांना वेगळीच काळजी आहे, फी घेत नाहीत म्हणजे दर्जा काय असणार? मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ही युनिव्हर्सिटी लष्करासाठी संशोधन करत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, अशा ठिकाणी कशाला जातेस? मी काय करू?

एक विद्यार्थिनी

उत्तर:

प्रिय मुली,

आधी त्या वहीबद्दल. सबमिशन संपलं की आपल्याकडे जर्नल आणि वह्या रद्दीत जातात. तू ती वही ठेवलीस, आणि दोन वर्षांनी भट्टीजवळ उभी असताना त्यातल्या दोन आकड्यांची तुला आठवण झाली. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे, तिकडे येतेच.

कन्सल्टन्सीचा मसुदा मात्र बाजूला ठेव. त्यातलं इंग्रजी उत्तमच असणार. पण ज्या शब्दांची किंमत त्या माणसांनी मोजली, ते शब्द उचलून त्यांच्याच हातात परत द्यायचे, हे मला पटत नाही. ते शब्द तिथं कसे आले हे तुला कळलं, तर तुलाही पटणार नाही.

जर्मन विद्यापीठं ध्येय-मूल्यांच्या या मजकुराला 'लाइटबिल्ड' म्हणतात. लाइटन म्हणजे वाट दाखवणं, बिल्ड म्हणजे चित्र. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाकडे ते असतं आणि बरंचसं एकसारखं दिसतं, एवढं तुझ्या बाबांचं म्हणणं खरं आहे. समाजाच्या उपयोगी पडणं, जबाबदारीनं संशोधन करणं, स्त्री-पुरुष समानता, जगभरातल्या विद्यार्थ्यांना जागा, पर्यावरणाचं भान. नुसते शब्द वाचले तर म्युनिक, आखेन, ड्रेस्डेन, बर्लिन यांत फरक करणं अवघड. म्हणून मी ते वाचताना प्रत्येक शब्दापाशी एकच प्रश्न विचारते: हे लिहून ठेवायची वेळ यांच्यावर का आली? तू निवडलेल्या विद्यापीठाचं या प्रश्नाचं उत्तर फार स्पष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी एका कामानिमित्त मी बर्लिनला होते. शार्लोटेनबुर्ग भागात एर्न्स्ट-रॉयटर-प्लाट्झला उतरून चालत गेलं की विद्यापीठाची मुख्य इमारत लागते. रस्त्यावरून पाहिलं तर साठच्या दशकातली उंच, सपाट, काचेची इमारत, आपल्याकडच्या एखाद्या सरकारी कार्यालयासारखी. मला तर पत्ता चुकला असंच वाटलं. आतून चालत मागच्या बाजूला गेले तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारतीचे उरलेले भाग दिसले. पूर्वी पुढंही तेच वैभव होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ते गेलं. पुढचं परत उभं करताना त्यांनी जुन्याची नक्कल केली नाही, नवं बांधलं आणि मागचं जुनं तसंच राहू दिलं. मला ती इमारत त्यांच्या लाइटबिल्डपेक्षा जास्त बोलकी वाटते.

जुनं काय होतं, तेही बघ. १७९९ ची बांधकाम अकादमी आणि १८२१ मध्ये सुरू झालेली उद्योगशिक्षणाची शाळा यांचं १८७९ मध्ये एकत्रीकरण होऊन बर्लिनचं तांत्रिक महाविद्यालय झालं. जुन्या विद्यापीठांतले प्राध्यापक या तंत्रवाल्यांना आपल्या पंगतीत बसवून घ्यायला तयार नव्हते. अभियंत्यांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार १८९९ मध्ये मिळाला, तोही कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, लक्ष घातल्यावर. मुलींना तर १९०९ पर्यंत रीतसर प्रवेशच नव्हता. तुझ्यासारखी मुलगी तिथं अर्ज करते, हेही एके काळी झगडून मिळवलेलं आहे.

तू मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला लेथची अलाइनमेंट टेस्ट केली असशील. स्पिंडलमध्ये मँड्रेल बसवायचा, त्याला डायल गेज लावायचं, स्पिंडल हातानं फिरवायचा आणि काटा किती शतांश हलतो ते लिहायचं. यंत्र घेताना ते कसं तपासून घ्यावं, कुठं किती फरक चालेल, याची पद्धतशीर बैठक गेओर्ग श्लेसिंगर या माणसानं घालून दिली. आपल्याकडच्या टूल रूममध्ये जुनेजाणते आजही 'श्लेसिंगर टेस्ट' म्हणतात. हा माणूस १९०४ पासून याच शार्लोटेनबुर्गच्या महाविद्यालयात प्राध्यापक होता. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव तपासण्याचं कामही त्यानं केलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. श्लेसिंगर ज्यू. त्याला अटक झाली, काही महिने तुरुंगात ठेवलं, सुटल्यावर त्याला देश सोडावा लागला. पुढे १९४९ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला. गुस्टाव्ह हर्ट्झ तर नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ, त्यालाही वंशाच्या कारणावरून तिथलं प्राध्यापकपद सोडावं लागलं. इथंच शिकलेले डेनिस गाबोर आणि युजीन विग्नर जर्मनीबाहेरच राहिले, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं.

हे सगळं चालू असताना तंत्रशिक्षण बंद पडलं नव्हतं. उलट जोरात होतं, युद्धतंत्राचा स्वतंत्र विभागही निघाला. याच महाविद्यालयातून १९३२ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडलेला वेर्नर फॉन ब्राउन पुढे व्ही-२ रॉकेटचा कर्ता झाला. ती रॉकेटं मिटेलबाउ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून डोंगरातल्या बोगद्यांत बनवून घेतली गेली. त्यात हजारो माणसं मेली. इथंच वास्तुशास्त्र शिकलेला आल्बेर्ट श्पेअर हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री झाला आणि गुलाम मजुरांच्या जिवावर कारखाने चालवले, म्हणून न्यूरेंबर्गला त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. यांतलं कुणीही कामात कच्चं नव्हतं. गणित बरोबर होतं, ड्रॉइंग बरोबर होती, टॉलरन्स पाळलेले होते.

म्हणून ९ एप्रिल १९४६ ला, बर्लिनच्या ब्रिटिश ताब्यातल्या भागात, ही संस्था परत उघडली तेव्हा ती जुन्या नावानं उघडली नाही. 'तांत्रिक महाविद्यालय' जाऊन 'तांत्रिक विद्यापीठ' आलं. असं नाव घेणारी जर्मनीतली ही पहिलीच संस्था. विद्यापीठ या शब्दावर मुद्दाम भर होता: अभियंता नुसता यंत्र जाणणारा नको, माणूस जाणणारा हवा. १९५० मध्ये मानव्यविद्यांची वेगळी शाखा निघाली. पुढची बरीच वर्षं यंत्र, वीज आणि बांधकाम शिकणाऱ्या मुलांना इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य यांतलं काहीतरी शिकावंच लागे. आपल्याकडे 'ह्युमॅनिटीज' म्हणजे सोपे क्रेडिट, हजेरीपुरता विषय. तिथं तो विषय एवढी माणसं मेल्यानंतर अभ्यासक्रमात आला.

जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत पाचव्या कलमात म्हटलंय की विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त आहे, आणि लगेच पुढे, अध्यापनाच्या स्वातंत्र्यामुळे घटनेशी असलेली निष्ठा सुटत नाही. स्वातंत्र्य आणि त्याची हद्द एका दमात. लाइटबिल्डमधला 'जबाबदारी' हा शब्द वाचशील तेव्हा हे सगळं त्याच्या मागं उभं आहे असं समज. आता तो शब्द एसओपीत पेरायचा की नाही, तूच ठरव.

तू म्हणशील, मॅडम, कुठं ती रॉकेटं आणि कुठं आमच्या दोन नोंदी. बरोबर आहे, मी त्यांना एका तागडीत घालत नाही. पण गाइड म्हणाले 'ग्राफ नीट करा' आणि चार शहाण्या मुलांनी नीट केला, हे वळण मी ओळखते, कारण मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे. मी तीस वर्षं शिकवलं. एकदा एक मुलगा टूल वेअरचा (हत्याराच्या झिजेचा) ग्राफ घेऊन आला, बिंदू सगळे इकडेतिकडे. मी घाईत होते, म्हटलं, परत कर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुळगुळीत वक्र घेऊन हजर. एका रात्रीत परत प्रयोग होऊच शकत नव्हता, यंत्रशाळेची किल्ली माझ्याकडे होती. मी तरी सही केली. त्या मुलाला मी त्या दिवशी काय शिकवलं याचा विचार मी अजून करते. तुझ्या गाइडबद्दल मला राग नाही, पण त्यांनी तुमचं मोठं नुकसान केलं.

नुकसान कसं, ते बघ. तुमच्या बारा नोंदींनी जे सांगितलं ते पुस्तकात आधीच होतं: ओलावा वाढला की वाफ वाढते, वाफ वाढली की ब्लोहोल वाढतात. नवीन जे काही होतं ते त्या दोन नोंदींत होतं. फिरून आलेली वाळू गरम असली की मिक्सरपासून साच्यापर्यंत जाता जाता तिच्यातलं पाणी उडतं आणि नमुन्यात ओलावा कमी दिसतो. तीच वाफ थंड पॅटर्नवर (ज्यावर साचा घडवतात त्या नमुन्यावर) आणि कोअरवर (आतली पोकळी घडवणाऱ्या भागावर) जाऊन बसते, आणि वितळलेला रस ओतला की तिथंच भोक पाडते. म्हणजे ओलावा मोजणं पुरेसं नाही, वाळूचं तापमानही मोजायला हवं. फाउंड्रीवाले हे अनुभवानं जाणतात. तुम्हाला ते आकड्यांत सापडलं होतं, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, आणि तुम्ही ते खोडलं.

आपल्या माणसांतलंच एक उदाहरण देते, तेही बर्लिनचंच, फक्त विद्यापीठ दुसरं. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून तिथं गेल्या. डाह्लेममधल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. फिशरांचं गृहीतक असं की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते, आणि त्याचं नातं त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. त्यांनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली. वंशाचा आणि असमानतेचा संबंध लागेना. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हातात त्याचंच गृहीतक. त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं, आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परत आल्या. फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचा मोठा आधार झाले, १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टरही झाले. मराठी माणूस इरावतीबाईंना लेखिका म्हणून वाचतो. मला मात्र बर्लिनच्या त्या खोलीत कॅलिपर घेऊन बसलेली पुण्याची सून जास्त जवळची वाटते.

तर 'वैज्ञानिक प्रामाणिकपणा' म्हणजे इतकी साधी गोष्ट. जे मोजलं तेच लिहायचं, जुळलं नाही तर जुळलं नाही असं लिहायचं. जर्मनीत त्याला नुसता सद्गुण म्हणून सोडलेलं नाही, नियमात बसवलंय. संशोधनाला पैसा देणारी तिथली मोठी संस्था डीएफजी, तिच्या २०१९ च्या संहितेत एकोणीस सूत्रं आहेत. मूळ नोंदी साधारण दहा वर्षं जपून ठेवाव्यात हे त्यात येतं. प्रत्येक विद्यापीठात ओम्बुड्सपर्सन म्हणून एक विश्वासाची व्यक्ती असते. प्राध्यापकानं आकडे बदलायला सांगितलं, तर तिच्याकडे गुप्तपणे जाता येतं. तू तिथं गेलीस तर पहिल्याच महिन्यात या व्यक्तीचं नाव शोधून ठेव. गरज पडणार नाही बहुधा, पण ठेव. प्रबंधाच्या शेवटी तुला स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागेल की हे काम माझं आहे, दुसऱ्याची मदत घेतली ती सांगितली आहे. आपल्याकडचं 'सर्टिफिकेट'चं पान आपण झेरॉक्सच्या दुकानात भरतो. तिथं त्या पानाच्या जोरावर पदवी परत घेतात. २०१३ मध्ये ड्युसेलडोर्फच्या विद्यापीठानं ॲनेट शावान यांची डॉक्टरेट काढून घेतली. प्रबंध १९८० चा, आणि त्या बाई तेव्हा देशाच्या शिक्षण आणि संशोधन मंत्री होत्या. मंत्रिपद गेलं.

म्हणून तुझ्या बाबांना एवढं सांग की भिंतीवर लिहिलेलं आणि पाळलं जाणारं यात फरक करता येतो. पाळलं नाही तर काय होतं, ते बघायचं. तिथंही सगळे संत नाहीत. ढिलाई, भेदभाव, प्राध्यापकांची मनमानी तिथंही घडते, तुला कधी त्रासही होईल. पण दाद मागायला ठिकाण आहे आणि ते ठिकाण कधी कधी मंत्र्यावरही चालतं.

फीबद्दल बाबांची काळजी मी समजू शकते. आपण सगळेच भरलेल्या डोनेशनवरून दर्जा मोजायला शिकलोय. बर्लिनमध्ये सरकारी विद्यापीठांत अशा मास्टर्सला शिक्षणशुल्क नाही, सत्राला काहीशे युरो भरायचे, त्यात प्रवासाचा पास येतो. खर्च तिथले करदाते करतात, कारण शिकलेला माणूस सगळ्या समाजाच्या कामी येतो असं ते मानतात. लाइटबिल्डमधलं 'समाजाच्या उपयोगासाठी' हे त्यांच्यापुरतं खरं आहे, कारण पैसा समाजाचा आहे. सगळीकडे असं राहिलेलं नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ पासून अशाच विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. म्युनिकनं शुल्क लावलं म्हणून ते चांगलं झालं नाही, आणि बर्लिननं लावलं नाही म्हणून ते हलकं ठरत नाही. बाबांनी हिशेब करायचा तो राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) २०२४ च्या हिशेबानं वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि बर्लिनमध्ये खोली मिळणं हे प्रवेश मिळण्यापेक्षा अवघड आहे.

आता मामा. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचा आक्षेप झटकू नकोस. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या बर्लिनमध्ये लष्करी संशोधनाला बंदीच होती. जर्मनी एक झाल्यावर बंदी उठली, तेव्हा १९९१ मध्ये या विद्यापीठाच्या सिनेटनं आपण होऊन ठरवलं की शस्त्रास्त्रांसाठी संशोधन करायचं नाही. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठानं २०१२ मध्ये असंच कलम घेतलं. श्पेअर आणि फॉन ब्राउन घडवलेल्या संस्थेनं असं ठरवणं मला समजतं. पण मामांचा इतिहास वेगळा आहे. त्याच युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत जर्मन सैन्याशी लढत होते. यशवंत घाडगे तिथंच १९४४ मध्ये धारातीर्थी पडले, नामदेव जाधवांनी १९४५ मध्ये जखमी साथीदारांना वाचवलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या हातात शस्त्र नसतं तर नाझी हरले नसते. तेव्हा सैन्याचं काम करणं म्हणजे पाप, असं त्या ठरावातून निघत नाही आणि तू तसं मानण्याची कुणी अपेक्षाही करत नाही. खुद्द जर्मनीत यावर जोरात वाद चालू आहे. युक्रेनच्या युद्धानंतर तो वाढलाय, आणि बायर्न राज्यानं तर २०२४ मध्ये कायदा करून आपल्या विद्यापीठांना असं कलम घालायलाच मनाई केली. तिथं गेल्यावर एखाद्या चर्चेत मामांची बाजू उभी राहून मांड. मला खात्री आहे, ऐकून घेतील. फक्त पुढे संरक्षण क्षेत्रातच काम करायचं मनात पक्कं असेल तर ते आत्ताच स्वतःशी बोलून घे, आणि मग दुसऱ्या विद्यापीठांचाही विचार कर.

एसओपीत काय लिहायचं, ते आता तुला दिसत असेल. लाइटबिल्डमधला एकही मोठा शब्द नको. वही उघड, चौदाच्या चौदा नोंदी परत ग्राफवर मांड. मग लिही की आम्ही दोन नोंदी जुळत नाहीत म्हणून बदलल्या होत्या, ती चूक होती, आणि कामावर आल्यावर मला त्या नोंदींचा अर्थ लागला. वाळूचं तापमान का मोजायला हवं ते चार वाक्यांत सांग. फाउंड्रीच्या परवानगीनं आठवडाभर सकाळ-दुपार तापमान आणि ओलावा दोन्ही मोजता आलं तर फारच उत्तम, तेही दे. मला पुढे हेच शिकायचंय, असं म्हणून थांब. रडका सूर नको, स्वतःला झोडपणंही नको. गाइडनी सांगितलं असं लिहू नकोस, कॉलेजचं नाव त्या वाक्यात घेऊ नकोस. सही तुमची होती, 'आम्ही' एवढंच लिही.

यानं प्रवेश हुकेल का, असं तुझ्या मनात येईल. हुकूही शकतो. प्रवेश मुख्यतः तुझे विषय, क्रेडिट आणि मार्क यांवर ठरतो, पत्राचा भाग लहान असतो. पण वाचणारा जर यंत्रशाळेतला माणूस असेल, तर त्याच्यापुढे दिवसभरात 'शाश्वतता' आणि 'नवोन्मेष'वाली पन्नास पत्रं येऊन गेलेली असतील, आणि तुझ्या पत्रात त्याला गरम वाळू भेटेल. मी त्याच्या जागी असते तर तुझा अर्ज वेगळा काढून ठेवला असता.

एक काम मात्र पत्र पाठवायच्या आधी कर. प्रोजेक्ट चौघांचा होता, तेव्हा बाकी तिघांना फोन लाव. त्यांतल्या कुणाच्या बायोडेटात तोच प्रोजेक्ट असेल, कुणी नोकरीच्या मुलाखतीत तो ग्राफ दाखवला असेल. तू काय लिहिणार आहेस हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. एखादा चिडेल, तर त्याला चिडू दे आणि ऐकून घे.

आणि त्या वहीतल्या नोंदी पेन्सिलनं असतील तर आजच त्या पानांचे फोटो काढून ठेव. फाउंड्रीच्या हातांनी घेतलेल्या नोंदी फार लवकर पुसट होतात.

तुझी,
मॅडम